भिजक्या विटेचा रंग

रंगीत कोबा घालणाऱ्या त्या माणसाला अख्खी गल्ली ‘थांबा’ म्हणायची. नाव लोकांनी ठेवलेलं, पण खोटं नव्हतं. गिऱ्हाईक रंग निवडायला आलं, की याचा पहिला शब्द ठरलेला. ओला नमुना बघून माणूस हुरळायचा, म्हणायचा, “हाच घाला, उद्याच घाला.” हा हात वर करायचा. “थांबा. वाळू द्या. ओल्या रंगाचं आणि वाळल्या रंगाचं काही सोयरसुतक नसतं. चार आठवडे जाऊ देत, मग सांगा आवडतो का.” एका गिऱ्हाइकानं वैतागून म्हटलं होतं, “अहो, लग्न ठरवायलाही मला एवढा वेळ लागला नव्हता.” त्यावर तो शांतपणे म्हणाला होता, “म्हणूनच सांगतोय.”

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं काम चालायचं. एका भिंतीला रंगांच्या पुडीचे डबे, दुसऱ्या भिंतीवर तळहाताएवढे वाळलेले नमुने खिळ्यांना टांगलेले, प्रत्येकाच्या खाली नंबर. राखाडी, मातकट, विटकरी, शेवाळी, पिवळसर. तेराच्या पुढे एक खिळा मोकळा होता आणि मग एकदम पंधरा. बायकोनं एकदा त्या मोकळ्या खिळ्याला वाळूची चाळणी टांगली होती. त्यानं ती काढून खाली ठेवली. पुन्हा टांगली, पुन्हा काढली. मग तिनं नाद सोडला.

त्याची आणखी एक खोड होती. पायऱ्यांचं काम असलं, की प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंदीची फिकट पट्टी घालायचाच. गिऱ्हाईक म्हणायचं, नको, एकरंगी छान दिसेल. हा ऐकायचा नाही. एका मोठ्या बंगल्याचं काम त्यानं याच हट्टापायी अर्ध्यावर सोडलं, सामान उचललं आणि घरी आला. बायको म्हणाली, “एवढ्याशा पट्टीसाठी?” तो जेवायला बसला आणि पानातलं काही न खाता उठला.

स्वतः कुठेही जिना उतरताना तो अंगठ्यानं कड चाचपायचा. बायको हसायची, “तुम्ही जिना उतरता की अंघोळीचं पाणी बघता?” वय झालं, लोक म्हणायचे. पण ही सवय तो पस्तिशीचा असल्यापासूनची होती, आणि आता तो एकसष्टचा होता.

एक दिवस सकाळी एक तिशीतली बाई शेडच्या दाराशी आली. केस घट्ट बांधलेले, खांद्याला कापडी पिशवी. म्हणाली, बाजाराच्या रस्त्यावर बेकरी काढतेय, दुकानाची जमीन आणि पुढच्या तीन पायऱ्या रंगीत कोब्याच्या करायच्या आहेत.

“रंग ठरलाय?” त्यानं विचारलं.

“ठरलाय. नमुनाच आणलाय.”

तिनं पिशवीतून टॉवेलची गुंडाळी काढली, उलगडली आणि आतला तुकडा त्याच्या हातात दिला. मुठीएवढा कॉंक्रीटचा ढलपा. काळसर तांबडा. एक बाजू अजून चकचकीत, जणू आत्ताच कोणी पाणी ओतलंय. एक कड गोल घोटलेली.

त्यानं तो तुकडा उलटा करून बघितला. खरं तर बघायची गरज नव्हती. ती कड त्याच्या थापीनं घोटलेली होती. आतल्या वाळूत काळे बारीक कण होते. तसली वाळू तो त्या काळी एकाच ठिकाणाहून आणायचा. तीन माप लाल पूड, एक माप काळी. तेव्हा तो या रंगाला ‘भिजकी वीट’ म्हणायचा. नंबर चौदा.

“आमच्या जुन्या घराच्या जिन्याचा आहे,” ती म्हणाली. “गेल्या वर्षी घर पाडलं नव्या मालकानं. मी जाऊन उचलून आणला. माझ्या आईला हा रंग फार आवडायचा.”

तो खाली बसला.  तिनं काळजीनं विचारलं, “काका, पाणी आणू?”

“नको,” तो म्हणाला. आणि मग, “हा रंग आता होत नाही.”

*

सव्वीस वर्षांपूर्वी एका शाळेतल्या गणिताच्या सरांनी छोटं घर बांधलं होतं. गच्चीवर जायला बाहेरून अकरा पायऱ्यांचा जिना. रंग निवडायला नवराबायको दोघं आले. सर प्रत्येक नमुन्याचे फायदेतोटे विचारत बसले. त्यांच्या बायकोनं मात्र सगळे नमुने नुसते नजरेखालून घातले आणि चौदावर बोट ठेवलं. काम चाललं असताना ती रोज अनवाणी येऊन बघायची. एक दिवस नुकत्या घातलेल्या पायरीपाशी उकिडवी बसून म्हणाली, “ओला असताना किती छान दिसतो हो हा. वाळल्यावर असाच राहील का?”

एरवी त्यानं सांगितलं असतं, नाही राहत. पण तेव्हा तो उमेदीत होता आणि त्याच्याकडे नवीनच एक कोटिंग आलं होतं. ते वर लावलं, की रंग कायमचा ओला दिसायचा. तो म्हणाला, “राहील की. तुम्ही म्हणाल तर जन्मभर ओला ठेवतो.” ती लहान मुलीसारखी हसली होती.

कडेच्या पट्टीची गोष्टही निघाली होती. त्याच्या आठवणीत सरांनी विचारलं होतं, “कडेला फिकी पट्टी द्यायची का हो?” आणि तो ऐटीत म्हणाला होता, “सर, रेशमाला गोणपाटाची किनार कशाला?” सर हसले, विषय संपला.

काम उरकलं त्या दिवशी तो गच्चीवर उभा राहून खाली बघत होता. ऊन होतं. अकरा पायऱ्या एकमेकींत विरघळून गेल्या होत्या. एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, क्षणभर त्यालाच कळेना. आणि त्याच्या मनात आलं ते हे, की काय काम झालंय! जणू एकाच हातानं, एका दमात ओतलंय. शेजारीपाजारी बघायला आले. त्याची कॉलर ताठ झाली.

चार महिन्यांनी तो खिळे आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेला होता. दुकानदार वजन करता करता म्हणाला, “ते गणिताचे सर नाहीत का, त्यांची बायको गेली. गच्चीवरून धुण्याची बादली घेऊन येत होती. पाय घसरला. सहा-सात वर्षांची पोर आहे मागे.” मग पुडी बांधून म्हणाला, “आणखी काही?”

त्याला कोणी बोल लावला नाही. कोणी दारात आलं नाही. पाय घसरला, लोक म्हणाले, नशीब म्हणाले. वर जाताना बादलीतलं पाणी सांडून पायऱ्या ओल्या झाल्या असणार. पण त्या तर कायमच ओल्या दिसायच्या. खरी ओल आली तेव्हा ती कोणाला कशी कळणार?

तो सांत्वनाला गेला नाही. घरी येऊन चौदा नंबरचा नमुना खिळ्यावरून काढला आणि घणानं फोडला. तेव्हापासून ते सुरू झालं. कोबा घोटताना, ओल्या रंगावर पाण्याचा हलका थर चमकायचा, तेव्हा त्या चमकेत एक अनवाणी पाऊल दिसायचं. पडणारं नाही. नुसतं कडेवर येऊन थांबलेलं, बोटं पुढे, खाली काय आहे ते न कळून. तिला पडताना त्यानं पाहिलेलंच नव्हतं. तरी ते पाऊल त्याला सव्वीस वर्षं दिसत होतं आणि दर वेळी तो थापी उचलून पायरी पुन्हा घोटायचा, जणू पाऊल पुसलं तर बाई वाचेल.

*

“होत नाही म्हणजे?” बेकरीवालीनं विचारलं.

“ती पूड मिळत नाही आता. आणि बेकरीला गडद जमीन घेऊ नका. दिवसभर पीठ सांडणार, पांढरे पाय उमटत राहतील. फिकट पिवळसर घ्या. हा बघा, बावीस नंबर.”

“पुसू की आम्ही,” ती म्हणाली. “करून तर बघा, काका. घाई नाही मला.”

नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. तिची हनुवटी आईसारखी होती.

त्यानं नमुने केले. पहिला मुद्दाम जास्त तांबडा केला. ती आली, टॉवेलमधला तुकडा शेजारी ठेवून बघितला, म्हणाली, “हा नाही.” दुसरा तपकिरीकडे झुकवला. “हा पण नाही.” तिसरा जवळपास केला, पण काळी पूड चिमूटभर वाढवली, वाटलं चालून जाईल. ती तो उजेडात घेऊन गेली आणि परत येऊन म्हणाली, “नाही.” दर खेपेला तीन-चार आठवडे जात होते. तिचं दुकान खोळंबलं होतं. भट्टी येऊन पडली होती, जमीन नव्हती.

चौथ्या वेळी ती स्टुलावर बसली. म्हणाली, “काका, रागावू नका. तुम्हाला जमत नाही असं नाही. तीन वेळा तुम्ही तीन बाजूंनी चुकलात. ज्याला नेम माहीत असतो तोच असा सगळीकडून चुकतो. तुम्ही मुद्दाम करताय.”

त्याची बायको तेव्हा चहा घेऊन आली होती. तिनं कप ठेवले आणि आत जायच्या ऐवजी दारातच उभी राहिली.

थांबा बोलला. थापी हातात होती, ती फिरवत फिरवत, खाली बघत, त्यानं सगळं सांगितलं. जिना आपण केला. पट्टी सरांनी मागितली होती, आपण ऐटीत नको म्हणालो. पायऱ्यांच्या कडा वरून दिसत नव्हत्या, हे आपल्याला त्याच दिवशी कळलं होतं आणि आपल्याला त्याचा अभिमान वाटला होता. “तुमची आई पाय घसरून गेली नाही, ताई. तिला पायरी दिसलीच नाही. मी दिसू दिली नाही.”

 बेकरीवाली म्हणाली, “बाबा तर म्हणतात, पट्टी तुम्ही मागितली होती.”

“मी?”

“तुम्ही विचारलंत, कडेला पट्टी देऊ का. आणि बाबा म्हणाले, नको. लहानपणापासून ऐकतेय मी हे. नातेवाईक आले की सांगायचे, कोणी आलं नाही तर एकटेच भिंतीला सांगायचे. म्हणायचे, मीच म्हणालो, रेशमाला गोणपाटाची किनार कशाला.”

त्यानं थापी खाली ठेवली. “ते वाक्य माझं आहे,” तो म्हणाला.

ती गेल्यावर बायको आत आली. मोकळ्या खिळ्याकडे बघून म्हणाली, “मला वाटायचं, तुम्हाला कोणी दुसरी आवडत होती. त्या जागेला मी सव्वीस वर्षं सवत समजत होते.” हसायचा प्रयत्न करत होती, पण पदरानं डोळे पुसत होती. “अहो, एकदा तरी बोलायचंत.”

*

पुढच्या रविवारी तो सरांकडे गेला. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीत टेबल, टेबलावर चष्म्याचं घर. सर वाळून काडी झाले होते. त्यांनी त्याला ओळखलं, पण बस म्हणाले नाहीत. लेकीनं खुर्ची पुढे केली.

“सर,” तो म्हणाला, “पट्टी तुम्ही मागितली होती. मीच नको म्हणालो. तुम्ही उगाच इतकी वर्षं…”

“उगाच?” सरांचा आवाज चढला. “मला शिकवता? मी स्वतः बोललेलं वाक्य मला आठवत नाही? तुम्ही घमेलं घेऊन उभे होतात. ती माझ्या डाव्या हाताला होती. तुम्ही विचारलंत, मी नको म्हणालो, आणि ती हसली. माझ्या विनोदाला हसली ती. मी कधी विनोद करायचो नाही, म्हणून तर लक्षात आहे.”

“सर, हसलात ते तुम्ही. बोललो मी.”

“खोटं!” सर टेबलाला धरून उभे राहिले. “सव्वीस वर्षं मी हे ओझं वाहिलंय. आज येऊन म्हणता, खाली ठेवा, तुमचं नव्हतंच? मग मी काय वाहिलं? मग ती कुणाच्या बोलण्याला हसली?”

दोन म्हातारे एकमेकांसमोर उभे होते, आणि भाऊ जमिनीच्या तुकड्यासाठी भांडतात तसे एकाच अपराधासाठी भांडत होते. लेकीनं सरांना हाताला धरून बसवलं. “बाबा, पुरे. काका, तुम्हीही पुरे करा.” मग ती स्वतःच खाली जमिनीवर बसली, भिंतीला टेकून. “मी सात वर्षांची होते,” ती म्हणाली. “मला ती पट्टीबिट्टी काही आठवत नाही. मला फक्त आठवतं, की शाळेतून आले की आई त्या पायऱ्यांवर बसलेली असायची आणि पायऱ्या आरशासारख्या चमकत असायच्या. मी त्यात तोंड बघायचे. म्हणून मला तो रंग हवाय.” ती थांबाकडे वळली. “एक विचारू? ती चमक. तो कायमचा ओलेपणा. बाबांना ते आठवत नाही. तो कुणी निवडला?”

सरही त्याच्याकडे बघू लागले. म्हातारे डोळे, पण गणिताच्या मास्तरचे. उत्तर चुकीचं असलं तर पकडणारे.

थांबाला ती उकिडवी बसलेली दिसली, ओल्या रंगाला बोटाचं टोक लावू की नको करणारी. तिचा आवाज ऐकू आला. तिनंच मागितलं होतं. तिनं हौसेनं मागितलं होतं आणि तीच हौस तिला घेऊन गेली. हे आता जगात फक्त त्याला माहीत होतं. सांगितलं असतं तर त्याच्या छातीवरचा निम्मा दगड तिथेच उतरला असता.

“मी,” तो म्हणाला. “नवीन कोटिंग आलं होतं. कुणाला न विचारता मारलं.”

“आईनं सांगितलं नव्हतं?”

“त्यांना माहीतही नव्हतं. त्यांना साधाच हवा होता.”

ती त्याच्याकडे एकटक बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरची माया हळूहळू ओसरली. इतके दिवस ‘काका, काका’ करणाऱ्या त्या मुलीनं नजर वळवली आणि म्हणाली, “पट्टीचं मी समजू शकते. बोलण्याच्या भरात माणूस बोलून जातो. पण हे तुम्ही न विचारता केलंत.”

“हो.”

“मग मला तुमचा राग येणार.”

“येऊ द्या,” तो म्हणाला.

*

बेकरीचं काम मात्र तिनं त्यालाच दिलं. दुसऱ्या कोणाला तो रंग जमला नसता, हे तिला ठाऊक होतं. त्यानं तीन माप लाल, एक माप काळी अशी पूड मोजली, या वेळी न चुकता. जमीन घातली, तीन पायऱ्या घातल्या, कडांना फिकट पट्ट्या दिल्या. वर चमक मारली नाही. रंग वाळून जसा व्हायचा तसा झाला, थोडा राखेकडे झुकलेला, थोडा थकलेला. ती बघायला आली, वाकून जमिनीवरून तळवा फिरवला आणि म्हणाली, “ठीक आहे.” 

घोटताना ते पाऊल दिसलं का, असं बायकोनं विचारलं होतं. दिसलं. तिन्ही पायऱ्यांवर दिसलं. त्याला वाटलं होतं, बोलून टाकल्यावर जाईल. ते काही गेलं नाही. उलट आता त्या पावलाला चेहराही आला होता आणि तो चेहरा त्याच्याकडे बघत असायचा, जणू विचारत होता, की माझं नाव का नाही घेतलंस?

बेकरी चांगली चालली. सकाळी पावाचा वास दोन गल्ल्या पलीकडे यायचा. थांबा त्या रस्त्यानं गेला, की काउंटरमागची ती मान खाली घालून पुड्या बांधू लागायची. एकदा त्याच्या बायकोला तिनं बिस्किटं दिली, बोलली, पण त्याची चौकशी केली नाही. बायको चिडली. “तुम्ही खरं सांगितलंत आणि ही अशी वागते?” तिलाही त्यानं खरं काय ते सांगितलं नव्हतं.

सर मात्र यायला लागले. पहिल्यांदा आले तेव्हा काठी टेकत दारात उभे राहिले आणि म्हणाले, “वाक्य माझंच होतं. एवढंच सांगायला आलोय.”

“असेल, सर,” थांबा म्हणाला. “बसा.”

मग ते दर आठवड्याला येऊ लागले, लेकीला न सांगता. पालथ्या घमेल्यावर बसायचे, कालवलेला माल बघायचे, पाण्याचं प्रमाण बरोबर आहे का ते तोंडी हिशेब करून सांगायचे. जिन्याचा विषय कोणी काढायचं नाही. एकदा त्यांनी मोकळ्या खिळ्याकडे बोट करून विचारलं, “इथे काय होतं?”

थांबानं सांगितलं.

 सर म्हणाले, “तिनं आल्या आल्या बोट ठेवलं होतं त्यावर. मी आणखी दोन दिवस विचार करू म्हणत होतो.” त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. “तिला एकदा हवं झालं की हवं असायचं. तुमचं किंवा माझं कोण ऐकणार होतं?”

थोडी लाल पूड थांबाच्या पायावर सांडली. सर त्याच्याकडे बघत नव्हते. त्यांचं लक्ष बाहेर उन्हात वाळत घातलेल्या नमुन्यांकडे होतं. त्यांना किती ठाऊक होतं, किती वर्षं ठाऊक होतं, हे त्यानं विचारलं नाही.  काठी घेऊन ते उठले, अंगणातून फाटकापर्यंत गेले, आणि तिथे रस्त्यावर उतरण्याआधी पायरीच्या कडेशी जरा थबकले. थांबा मागून धावला आणि त्यांचा कोपर धरून त्यांना खाली उतरवलं.